अकरा शेवंडी आणि एक कायदा

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

ऑनलाइन गेमिंग प्रोत्साहन व नियमन विधेयक २० ऑगस्ट २०२५ रोजी लोकसभेत आणि दुसऱ्या दिवशी राज्यसभेत संमत झाले, २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची स्वाक्षरी झाली, आणि तेव्हापासून या विषयावर आपल्या दैनिकात येणारा बहुतेक मजकूर मी वाचत आलो आहे. पैसे लावून खेळायच्या ॲपपायी कर्जात बुडालेल्या घरांच्या हकिगती वाचताना त्या बंदीविरुद्ध बोलण्याचे मला काही कारण दिसत नाही. माझी तक्रार एका शब्दापुरती आहे. रमीवर पैसे लावायचे ॲप, क्रिकेटच्या संघावर पैसे लावायचे ॲप, आणि ज्यात एक रुपयाही न लावता मी व माझ्या चार मित्रांनी नववी-दहावीची दोन वर्षे काढली ते काल्पनिक राज्य, या सगळ्यांना आपल्या मथळ्यांत आणि वाचकांच्या पत्रांत ‘ऑनलाइन गेम’ हे एकच नाव मिळते. कायद्याने ही सरमिसळ केलेली नाही. पैशांच्या मोबदल्याची आशा ठेवून शुल्क भरून किंवा पैसे लावून खेळले जाणारे खेळ त्याने, कौशल्याचे असोत वा नशिबाचे, सरसकट बंद केले. ते चालवणाऱ्यांना ३ वर्षांपर्यंतची कैद, १ कोटी रुपयांपर्यंतचा दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरवली. परंतु ई-स्पोर्ट्स आणि ज्यांना तो ‘ऑनलाइन सोशल गेम’ म्हणतो ते खेळ वेगळे काढून त्यांना मान्यता दिली. प्रवेशासाठी वर्गणी घेतली, तरी ती वर्गणी पणाला लावलेला पैसा नसेल तर असा खेळ या दुसऱ्या बाजूलाच राहतो. संसदेला जो भेद करता आला तो घराघरांत का होत नाही, हे माझ्या मते स्वतःच्या अनुभवावरून सांगणे बरे.

आम्ही पाच जण सांगलीच्या एकाच शाळेतले. २००६च्या दिवाळीच्या सुट्टीत, विश्रामबागेतल्या एका सायबर कॅफेत, तासाला वीस रुपये देऊन आम्ही पहिल्यांदा ‘रूनस्केप’ उघडला. हा खेळ इंग्लंडमधल्या केंब्रिजच्या जॅजेक्स या कंपनीचा. गावर बंधूंनी तो रचला आणि ४ जानेवारी २००१ रोजी तो लोकांपुढे आला. आमच्यासारख्यांना तो मिळाला याचे कारण तांत्रिक होते. त्या काळी बाकीचे मोठे खेळ सीडीवरून संगणकात बसवावे लागत, आणि कॅफेचे मालक तसे करू देत नसत. रूनस्केप जावा या संगणकभाषेवर चालत असल्यामुळे ब्राउझरच्या खिडकीतच उघडायचा. उठताना खिडकी बंद केली की मागे काही राहत नसे (कीबोर्डच्या फटींत अडकलेले भडंग सोडून). शिवाय त्याची चाल संथ होती. प्रत्येक कृती साधारण ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर घडे, त्यामुळे आमचे कूर्मगती इंटरनेटही त्याच्याबरोबर टिकून राही.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. गिलिनॉर नावाच्या जगात तुम्ही लंब्रिज नावाच्या एका गढीच्या गावात उभे राहता. कोणी राजकुमारी तुमची वाट पाहत नसते. पहिल्या कामगिऱ्यांपैकी एक अशी, की गढीतल्या आचाऱ्याला केक करायचा आहे आणि त्याला एक अंडे, बादलीभर दूध आणि पीठ आणून द्यायचे आहे. पीठ म्हणजे दुकानातले नव्हे. गहू शेतातून तोडायचा, पवनचक्कीवर न्यायचा, वरच्या मजल्यावर ओतायचा आणि खाली येऊन मडक्यात भरायचा. त्यापुढचे सगळे आयुष्यही अशाच कष्टांचे. झाडे तोडा, मासे पकडा, खाणीत उतरा, लोखंड गाळा. प्रत्येक कसबाला ९९ पायऱ्या. शेवटच्या पायरीला १,३०,३४,४३१ गुण लागत, आणि ९२व्या पायरीवर पोचलेल्या माणसाचा प्रवास तेव्हा कुठे निम्मा झालेला असे. हे गणित आम्हाला कोणी शिकवले नव्हते. ते कळले तेव्हा आमच्यातल्या एकाने वहीच्या मागच्या पानावर चक्रवाढ व्याजाची आकडेमोड करून पाहिली होती, एवढे खरे.

एकेकट्याने सगळी कसबे शिकणे वीस रुपये तासाच्या हिशोबात बसणारे नव्हते, म्हणून आम्ही बलुतेदारी लावून घेतली. मी लोहार. पोलादाच्या एका कांबीला एक लोहखनिज आणि दोन कोळसे लागत. नुसते लोखंड गाळायला घेतले तर निम्मा माल वाया जाई, म्हणून पोलादच परवडे. दुसरा लाकूडतोड्या. तिसरा आचारी, आणि बराच काळ तो अर्धे जेवण करपवायचा. चौथा कोणतेही काम न करता बाजारात उभा राहायचा. त्याला आम्ही व्यापारी म्हणत असू, आणि त्याचे वडीलही मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करीत, हा योगायोग नसावा. पाचवा कोळी. तो मिरजेहून सिटी बसने शाळेत यायचा आणि त्याचे आजोळ मालवणचे. पोर्ट सारिमच्या धक्क्यावरून तीस नाणी देऊन करामजा बेटावर जायचे, पिंजरे टाकून बसायचे आणि लॉबस्टर आणायचे, हे त्याचे काम. ‘लॉबस्टर काय म्हणता, शेवंड म्हणा,’ असे त्याने आम्हाला बजावले, आणि आजही आमच्यात तोच शब्द चालतो. शिजवलेली एक शेवंड खाल्ली की १२ गुणांचे आरोग्य परत मिळे; लढाईला जाताना पिशवीच्या २८ खणांत जमतील तेवढ्या शेवंडी भरणे ही आमची शिदोरी.

बोलणे अर्थातच मराठीत, इंग्रजी लिपीत टाइप करून. खेळात शिव्या गाळणारी चाळणी होती, पण ती इंग्रजी शब्दांची. सांगलीकडच्या शब्दांची तिला गंधवार्ता नव्हती, त्यामुळे आमची भाषा तेथे निर्वेध वाढली. हे चांगले झाले असे मी म्हणणार नाही.

सर्व काही गोडगुलाबी नव्हते, हेही नोंदवतो. आमच्या आचाऱ्याला एका अनोळखी खेळाडूने सांगितले, ‘तुझे चिलखत दे, त्याला सोनेरी किनार लावून परत करतो,’ आणि चिलखतासह तो जो गेला तो गेलाच. आचारी त्या दिवशी कॅफेतून निघाला तो थेट घरी जाऊन जेवला नाही. त्याच्या आईला वाटले शाळेत मार खाल्ला असेल. पैसे दुप्पट करून देतो म्हणणारे लोकही तेथे होते. पुढे नोकरीत असताना तशीच योजना घेऊन एक गृहस्थ आमच्या कार्यालयात आले, तेव्हा मी आणि तो आचारी एकाच वेळी हसलो, कारण आम्ही दोघे तेव्हा एकाच ठिकाणी कामाला होतो. नववीत माझे गुण घसरले. वडिलांनी एकदा शांतपणे विचारले, ‘यातून मिळतं काय?’ आणि मला उत्तर देता आले नाही. खोटे कशाला सांगू, आजही पूर्ण देता येत नाही.

२००७च्या मे महिन्यातली एक दुपार मात्र मला तारीखवार नसली तरी क्षणवार आठवते. विनामूल्य खेळणाऱ्यांसाठी सर्वांत मोठी कामगिरी म्हणजे ड्रॅगन मारणे. ती मिळवायलाच आधी ३२ कामगिरी-गुण लागत. मग नकाशाचे तीन तुकडे शोधायचे, दोन हजार नाण्यांना एक फुटके गलबत विकत घ्यायचे, त्याला ३ फळ्या आणि ९० पोलादी खिळे ठोकायचे, ड्रेनर गावातल्या एका म्हाताऱ्या खलाशाला नाखवा म्हणून घ्यायचे, लंब्रिजच्या सरदाराकडून ड्रॅगनची आग सोसणारी ढाल आणायची आणि क्रँडर बेटावर उतरायचे. खिळे मी स्वतः घडवले होते, फळ्या लाकूडतोड्याने आणून दिल्या होत्या, आणि शेवंडी मिरजकराच्या, करपलेल्या वगळून. लढाई ज्याची त्यानेच करायची असते, मदत चालत नाही. मिरजकराने आपला ड्रॅगन आधीच मारला होता, म्हणून तो घरून, बीएसएनएलच्या त्या मोजूनमापून वापरायच्या ब्रॉडबँडवरून, नुसता शेजारी उभा राहायला आला होता. (त्या वेळच्या त्याच्या घरच्या योजनेत रात्री दोन ते सकाळी आठ डाउनलोडची मोजदाद होत नसे, तो भर दुपारी आला, यावरून प्रसंगाचे महत्त्व ओळखावे.)

ड्रॅगनचे अर्ध्याहून अधिक आरोग्य संपले होते, तेवढ्यात विश्रामबागेतली वीज गेली. भारनियमनाचे वेळापत्रक आम्हाला पाठ होते. पण त्या दिवशी वीज तासभर आधी गेली आणि कॅफेच्या इन्व्हर्टरने मान टाकली. रूनस्केपमध्ये लढता लढता संपर्क तुटला तर तुमचे पात्र लगेच नाहीसे होत नाही, ते मिनिटभर तेथेच उभे राहते. मी काळ्या पडद्यासमोर बसलेला आणि तिकडे माझे पात्र आगीत उभे. मेल्यावर अंगावरच्या सर्वांत किमती तीन वस्तू तेवढ्या आपल्याकडे राहतात. उरलेले सामान जमिनीवर पडते, काही वेळ केवळ आपल्याला दिसते, मग सर्वांना दिसू लागते, आणि थोड्याच वेळात कायमचे नाहीसे होते.

कॅफेबाहेर एक रुपयाचा कॉइन बॉक्स होता. मी मिरजेला फोन लावला. मिरजेत वीज होती, कारण त्यांची पाळी संध्याकाळची. तो म्हणाला, ‘तू मेलास. पण सामान माझ्याकडे आहे.’ तो तेथेच उभा राहिला होता, वस्तू दिसायला लागेपर्यंत थांबला होता आणि मग माझे शिरस्त्राण, ताईत, बूट आणि उरलेल्या अकरा शेवंडी गोळा करून बेटावरच्या भुयारातून करामजाला निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी खेळातल्या वॅरॉक शहराच्या पश्चिमेकडच्या बँकेसमोर त्याने ते सगळे मला परत दिले. त्या आठवड्यात मी ड्रॅगन मारला, आणि ज्याने कधी काम केले नव्हते त्या व्यापाऱ्याने, महिनोन्‌महिने बाजारात उभे राहून साठवलेल्या नाण्यांतून, मला रून धातूचे चिलखत घेऊन दिले. ड्रॅगन मारल्याशिवाय ते अंगावर चढत नाही. त्याच्या बदल्यात त्याने काहीही मागितले नाही. माझ्या वाढदिवसालाही त्याने मला कधी काही दिलेले नव्हते.

आता कायद्याशी याचा संबंध कोठे येतो ते सांगतो. त्याच सुमारास खेळातली नाणी खऱ्या पैशांना विकणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. यंत्राने खाते चालवून नाणी जमवायची, संकेतस्थळावर डॉलरला विकायची, आणि असे करणाऱ्यांपैकी काही जण चोरलेल्या क्रेडिट कार्डांनी वर्गणी भरायचे. त्याचा भुर्दंड कंपनीवर येई. कंपनीने यावर जालीम उपाय केला. १० डिसेंबर २००७ रोजी उजाड माळावरच्या खेळाडूंच्या आपसांतल्या मोकळ्या लढाया आणि मोठ्या पैजेची द्वंद्वे बंद झाली, आणि २ जानेवारी २००८पासून देवाणघेवाणीवर मर्यादा आली : दोन्ही बाजूंच्या वस्तूंची किंमत जवळपास सारखी असली पाहिजे, फरक ठरावीक नाण्यांपलीकडे गेला तर व्यवहारच होणार नाही. नाणी विकणाऱ्यांचा धंदा यामुळे खरोखर बसला, ते नाकारता येणार नाही. मात्र व्यापाऱ्याने मला दिलेले चिलखत त्या नियमानंतर कोणालाच कोणाला देता आले नसते. संगणकाला भेट आणि विक्री यांतला फरक कळत नव्हता. एकीकडे चिलखत, दुसरीकडे शून्य, एवढेच त्याला दिसे. आमची बलुतेदारी एका रात्रीत मोडली. लोहाराला कोळशाचे मोल, कोळ्याला शेवंडीचे मोल चोख घ्यावे लागले. त्याआधीच, नोव्हेंबर २००७मध्ये, ग्रँड एक्स्चेंज नावाची मोठी पेढी उघडली होती, तेथे माल टाकला की अनोळखी माणसाशी व्यवहार आपोआप होई आणि बोलायचीही गरज पडत नसे. दहावीची परीक्षा दोन महिन्यांवर होती. आमच्या घरांना वाटले मुले शहाणी झाली.

तीन वर्षांनी कंपनीने खेळाडूंचा कौल घेतला. १२ लाखांहून अधिक मते पडली, नव्वद टक्क्यांहून अधिक जुन्या मोकळ्या व्यवहाराच्या बाजूने, आणि १ फेब्रुवारी २०११ रोजी तो परत आला. आम्ही तोपर्यंत पाच गावांच्या महाविद्यालयांत विखुरलो होतो. आणि गंमत पाहा, ज्या कंपनीने पैशांचा शिरकाव रोखण्यासाठी मित्रांच्या भेटी बंद केल्या होत्या, तिनेच २०१२मध्ये खेळात एक नशिबाचे चक्र आणले आणि काही आठवड्यांतच ते फिरवण्याच्या जादा संधी खऱ्या पैशांना विकायला काढल्या. पालकांनी घाबरायचे तर ते अशा चक्राला घाबरावे. मुलगा पाच मित्रांबरोबर लाकडे तोडतो आहे म्हणून घाबरण्याचे कारण नाही. आज शेजारच्या घरात तेरा-चौदा वर्षांचा मुलगा मोबाइलवर काय खेळतो आहे हे पाहताना मी एवढेच पाहतो : तो पैसे भरून काही मिळण्याची वाट पाहत बसला आहे का, आणि त्याच्याबरोबर त्याच्या ओळखीचे कोणी आहे का. किती तास, हा प्रश्न महत्त्वाचा आहेच, पण घरोघरी तो एकच प्रश्न विचारला जातो आणि हे दोन राहून जातात.

पुढची हकिगत थोडक्यात. साडेचार लाखांच्या आसपास मतांचा कौल मिळाल्यावर कंपनीने ऑगस्ट २००७ची जपून ठेवलेली प्रत काढून २२ फेब्रुवारी २०१३ रोजी जुना खेळ पुन्हा सुरू केला. नकाशा तोच, गढीतला आचारी तोच, पण सर्वांनी शून्यापासून आरंभ करायचा. आमची लोहारकी आणि कोळीपण त्यात नव्हते. आरंभी तो फक्त वर्गणीदारांसाठी होता. शाळेत असताना महिन्याचे पाच डॉलर भरायला आमच्या कोणाच्याही घरी क्रेडिट कार्ड नव्हते, आणि फॅलाडोरच्या पश्चिमेला, वर्गणीदारांपुरत्याच उघडणाऱ्या टॅव्हर्लीच्या फाटकाशी उभे राहून पलीकडे जाणाऱ्यांकडे पाहण्यात आमचा बराच वेळ गेला होता. पहिल्या पगारानंतर मी कार्डाने वर्गणी भरली आणि सर्वांत आधी त्या फाटकातून पलीकडे गेलो. पलीकडे एक लहानसे खेडे आहे. फार काही नाही. तरी मी तेथे बराच वेळ थांबलो.

ऑक्टोबर २०१८मध्ये हा खेळ मोबाइलवर आला, आणि २०२०च्या टाळेबंदीत आम्ही पाचही जण पुन्हा एकत्र आलो. दोघे परदेशात असल्याने रविवारची रात्र ठरली. ती अजून चालू आहे, अधूनमधून खंड पडतो. बोलणे आता गृहकर्जांचे, आईवडिलांच्या शस्त्रक्रियांचे, मुलांच्या शाळाप्रवेशांचे असते आणि हात तिकडे लाकडे तोडत असतात. समोरासमोर बसून, एकमेकांकडे पाहत, यातले निम्मे विषय आम्ही काढले असते असे मला वाटत नाही. खरी शेतमळ्यातली कामे करणाऱ्या बायामाणसांना हे फार पूर्वीपासून ठाऊक असावे.

तेव्हा आपणास विनंती एवढीच, की पैसे लावण्याच्या ॲपविषयी लिहिताना आपल्या वार्ताहरांनी ‘पैशांचे ऑनलाइन खेळ’ किंवा सरळ ‘जुगार’ असे लिहावे आणि ‘ऑनलाइन गेम’ हा शब्द उरलेल्यांसाठी राखून ठेवावा. कायद्याच्या भाषेतही तो भेद आहे, आणि मराठीला तर या दोन्हींसाठी वेगवेगळे शब्द पूर्वीपासून आहेत. पत्र बरेच लांबले, याची जाणीव आहे. काटछाटीचा अधिकार आपलाच, मात्र मिरजेचा फोन कापू नये.

मिरजकराला हे पत्र पाठवण्यापूर्वी वाचून दाखवले. त्याने एक दुरुस्ती सांगितली : परत देताना शेवंडी अकरा नव्हत्या, नऊ होत्या. भुयारातून जाताना सांगाड्यांनी गाठले, तेव्हा दोन त्याने खाल्ल्या. अठरा वर्षे ही गोष्ट त्याने मला सांगितलेली नव्हती. येत्या रविवारी तो त्या परत करणार आहे.

आपला नम्र,
एक वाचक
सांगली (सध्या पुणे)